‘थोडा अवघड वाटला’ म्हणजे नेमकं काय? ओळखीतल्या कुणी केलेल्या गेमवर मत कसं द्यावं

गेल्या दिवाळीत भाच्याने एक लिंक पाठवली. तो आणि त्याचा मित्र असे दोघे मिळून दीड वर्षं एक गेम करत होते, त्याचा डेमो तयार झाला होता. "मावशी, खेळून बघ आणि खरं काय ते सांग." मी इमानेइतबारे चाळीस मिनिटं खेळले, चौथ्या लेव्हलला अडकले, तेवढ्यात फराळाची गडबड सुरू झाली म्हणून लॅपटॉप मिटला आणि त्याला कळवून टाकलं, "मस्त झालाय. थोडा अवघड वाटला."

लगेच उलट प्रश्न आला. "कुठे अवघड वाटला? काय करायचं ते कळलं नाही, की कळलं पण जमलं नाही?"

मला सांगता येईना. मी मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका नेमक्या शब्दाला बोट लावून दाखवणं हा माझा व्यवसाय. आणि इथे चाळीस मिनिटं खेळून माझ्या हाती एक ‘थोडा अवघड’ उरला होता. त्या निमित्ताने या विषयात डोकं घातलं.

अशी लिंक आज ना उद्या तुमच्याकडेही येणार आहे. ‘स्टीम’ या गेम विकणाऱ्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन दुकानात वर्षातून तीनदा नव्या गेमांच्या डेमोंचा उत्सवच भरतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये बाहेर आला, आणि गेम करणं हेही आपल्या गावात राहून करता येण्यासारखं काम आहे हे बऱ्याच पोरांच्या आईवडिलांना तेव्हा पहिल्यांदा पटलं. (माझ्या बहिणीला अजून पुरतं पटलेलं नाही, ते असो.)

हा प्रकार काय असतो

भाच्याचा गेम आहे पझल प्लॅटफॉर्मर. प्लॅटफॉर्मर म्हणजे बाजूने दिसणारं एक पात्र, ते पळवायचं, उड्या मारत या फळीवरून त्या फळीवर न्यायचं. लहानपणी टीव्हीला जोडून मारिओ खेळलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्यात कोडं घातलं की पझल प्लॅटफॉर्मर झाला. वाट अडलेली असते, नुसती उडी पुरत नाही, डोकं चालवावं लागतं.

जोनाथन ब्लो यांचा २००८ चा ‘ब्रेड’ हा यातला गाजलेला नमुना. (ब्रेड म्हणजे इथे वेणी, पाव नव्हे.) त्यात आपल्याला वेळ मागे नेता येते आणि सगळी कोडी त्याच एका करामतीभोवती रचलेली आहेत. डेन्मार्कच्या प्लेडेडचा २०१० चा ‘लिम्बो’ हा दुसरा. काळोखं रान, एकटा मुलगा आणि वाटेत सूचनेचा एक शब्द नाही. दोन्ही इंडी गेम, म्हणजे मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय मोजक्या माणसांनी केलेले. मोठ्या कंपन्या पैसे देऊन माणसं बसवतात आणि गेम तपासून घेतात. इंडीवाल्यांकडे मावश्या असतात.

या प्रकारात हात आणि डोकं दोन्हींची परीक्षा असते, ही गोष्ट लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एका शब्दात तीन तक्रारी

शब्दकोडं सोडवणाऱ्यांना हे चटकन कळेल. कधी सूचक शब्द खरोखर कठीण असतो. दोन दिवस डोक्यात घोळतो, मग भाजी चिरताना अचानक सुटतो आणि आपण स्वतःवरच खूश होतो. कधी उत्तर येत असतं, पण चौकटी इतक्या बारीक असतात की अक्षर आत मावत नाही. आणि कधी छापताना आडवा शब्द उभ्यात गेलेला असतो. मग तुम्ही कितीही हुशार असा, ते सुटणार नाही. तिन्ही वेळा आपण म्हणतो एकच, "आजचं कोडं अवघड होतं."

गेममध्येही हीच तीन अवघडं आहेत. पहिलं डोक्याचं. ते तर हवंच, त्यासाठीच माणूस हा गेम घेतो. दुसरं हाताचं, काय करायचं ते दिसतंय पण उडी साधत नाही. तिसरं कळण्याचं, जे करायचं आहे ते करता येतं हेच गेमने आपल्यापर्यंत नीट पोहोचवलेलं नसतं.

पहिलं आणि तिसरं वेगळं ओळखायची एक घरगुती खूण आहे. उत्तर कळल्यावर तोंडातून काय निघतं ते ऐका. "अरे, हो की!" निघालं तर कोडं चांगलं होतं, तुम्ही कमी पडलात, आणि त्यात काही बिघडलं नाही. "हे मला कसं कळणार होतं?" निघालं तर छपाईची चूक शोधायला हवी.

दुसऱ्या अवघडाची गंमत निराळी आहे. "मी उडीचं बटण दाबलं होतं, तरी पडले!" असं आपण तावातावाने म्हणतो, आणि बहुतेक वेळा आपण ते कडा संपल्यावर निमिषभराने दाबलेलं असतं. चांगला गेम इथे चक्क लबाडी करतो. ‘सेलेस्ट’ या २०१८ च्या गेममध्ये पाय कड्यावरून सुटल्यावरही साधारण एक दशांश सेकंद उडी मारता येते. याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्यापुढे हवेत पळत राहतो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून. जमिनीला पाय लागण्याआधी किंचित घाईने बटण दाबलं तरी सेलेस्ट ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी देतो. खेळणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, फक्त आपला हात आज बरा चाललाय असं वाटतं. तेव्हा "उडी अन्यायाची वाटते" ही तक्रार रडगाणं समजून गिळू नका. करणाऱ्याच्या दृष्टीने ती मोलाची आहे, आणि तिचा इलाज पुष्कळदा एवढासाच असतो.

शिकवावं, पण शिकवणी वाटू नये

गेमच्या सुरुवातीला तो कसा खेळायचा हे सांगणारा जो भाग असतो, तो ट्यूटोरियल. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि मत देताना सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच्याबद्दल, कारण तिथून पुढे गेलं की आपण ते विसरून जातो.

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल आठवून बघा. सूचनेची एकही पाटी नाही. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, समोर मोकळी जागा, म्हणजे जायचं कुठे ते ठरलं. थोडं पुढे गेलं की एक तपकिरी प्राणी दुडुदुडु अंगावर येतो. उडी मारली नाही तर मेलात, पण वाया गेले चार सेकंद, आणि उडी शिकून झाली. पुढे प्रश्नचिन्हाचा ठोकळा. त्याला खालून डोकं आपटलं की अळंबी निघते, घरंगळत जाते, पाइपावर आदळून परत आपल्याकडेच येते आणि अंगाला लागली की आपण मोठे होतो. त्याच लेव्हलमध्ये पुढे समोरासमोर दोन जिने लागतात, मधे साधी जमीन आहे. चुकलात तर काही होत नाही, पुन्हा चढा. त्यानंतर तसेच आणखी दोन जिने येतात आणि या वेळी मधे खड्डा. पोहायला शिकवणारा माणूस आधी कमरेएवढ्या पाण्यात हात मारायला लावतो, तसं हे आहे.

बहुतेक नवे गेम याऐवजी पाट्या लावतात. पुणेरी पाट्या आपण चवीने वाचतो, कारण त्यात खवचटपणा असतो. गेममधल्या पाट्यांत तोही नसतो. ‘हे बटण दाबून कंदील ठेवा’, ‘ते बटण दाबून ज्योत कमी करा’, ‘कंट्रोलरवर एक्स दाबा’. आणि मी बसलेली कीबोर्ड घेऊन.

भाच्याच्या गेममध्ये एक मुलगी हातात कंदील घेऊन जुन्या वाड्यातून फिरते. कंदील खाली ठेवला की वस्तूंची सावली भिंतीवर पडते आणि त्या सावलीवर चढता येतं. कल्पना सुंदर आहे, मावशी म्हणून नव्हे, खरंच. चौथ्या लेव्हलमध्ये उजेडावर पतंगांचा थवा जमतो आणि वाट अडवतो. मी पंधरा मिनिटं त्या थव्यावरून उडी मारायचा प्रयत्न करत होते. दर वेळी अगदी थोडक्यात हुकायची. करायचं होतं भलतंच. ज्योत कमी करायची, पतंग पांगतात, जा चालत. ज्योत कमी करायचं बटण पहिल्या लेव्हलमधल्या तिसऱ्या पाटीवर लिहिलं होतं आणि तिथून चौथ्या लेव्हलपर्यंत त्याचं एकदाही काम पडलं नव्हतं. लग्नात ओळख करून दिलेल्या चुलतसासऱ्यांचं नाव सहा महिन्यांनी विचारावं, तसला प्रकार.

सेलेस्टमध्ये हवेत झेप घ्यायची कला पहिल्या प्रवेशाच्या अगदी शेवटी शिकवतात. पायाखालचा पूल कोसळतोय, काळ थांबतो, एक पक्षी येऊन कुठली बटणं दाबायची ते दाखवतो. दाबलीत की पलीकडे. गरज पडली त्याच क्षणी शिकवलं, म्हणून ते हातात बसतं.

तेव्हा ट्यूटोरियलबद्दल मत देताना ‘कंटाळवाणं होतं’ किंवा ‘छान होतं’ यापेक्षा हे सांगा, की पाटी वाचलीत की ओलांडून गेलात, वाचलेलं कधी वापरावं लागलं, आणि दहा मिनिटांनी त्यातलं काय आठवत होतं. मी त्याला खरं सांगितलं असतं तर ते असं झालं असतं, "तिसरी पाटी वाचल्याचं मला आठवतही नाही." सांगायला लाज वाटली. वाटायला नको होती.

करणाऱ्याला हे दिसत का नाही?

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीची गाणी मनात म्हणत टेबलावर बोटांनी वाजवायची, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. घरी गणपतीच्या आरतीवर करून बघा. वाजवणाऱ्याच्या डोक्यात झांजा, टाळ्या, चाल, सगळं चालू असतं. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते.

गेम करणाऱ्याच्या डोक्यात दीड वर्षं आरती चालू आहे. ज्योत कमी करायचं बटण त्याच्या बोटांना पाठ आहे. पत्ता सांगताना "जुन्या टॉकीजपाशी डावीकडे वळा" म्हणणाऱ्या माणसाच्या लक्षात येत नाही, की टॉकीज पाडून तिथे इमारत उभी राहिली आहे आणि नवख्याला ती कधीच दिसणार नाही. स्वतःच्या मजकुरातली चूक स्वतःला सापडत नाही हे तर आमच्या धंद्याचं भांडवलच आहे. डोळा लिहिलेलं वाचत नाही, लिहायचं होतं ते वाचतो.

म्हणून खेळणाऱ्याचं अज्ञान ही गेम करणाऱ्याला बाजारात विकत न मिळणारी वस्तू आहे. आणि प्रत्येक माणसाकडे ती एकदाच असते. एकदा युक्ती कळली की तुम्हीही टॉकीजवाले झालात. त्यामुळे अडकल्यावर लगेच फोन करून उत्तर विचारू नका. आधी दोन ओळी लिहून ठेवा, मग विचारा.

चकली कडक झाली, एवढंच सांगा

चकली खाणारा म्हणतो, "कडक झाली." हे शंभर टक्के खरं, कारण दात त्याचे आहेत. मग तो पुढे म्हणतो, "तेल जास्त घाला." हा अंदाज. करणारीला माहीत असतं की मोहन कमी पडलं असेल, किंवा भाजणीतच काही चुकलं असेल, आणि मोहन भलतंच वाढवलं तर चकली तेलातच विरघळायची.

मी त्या दिवशी आणखी एक वाक्य लिहिणार होते, "उडी थोडी उंच करा." बरं झालं लिहिलं नाही. उडीची उंची वाढली असती तर माझा पतंगांचा थवा पार झाला असता, आणि बाकीच्या लेव्हलमधली सावल्यांची कोडी एका उडीत निकालात निघाली असती. माझी तक्रार हाताची वाटत होती, दुखणं शिकवण्यात होतं. पोट दुखतंय म्हणून डॉक्टरांना गोळीचं नाव सांगणारे रोगी आपण पाहतो, त्यातलीच मी.

तर मग लिहायचं काय? दुसऱ्यांदा मी भाच्याला जे पाठवलं ते जवळपास असं होतं : "चौथी लेव्हल, पतंग जमतात ती जागा. मला वाटलं थव्यावरून उडी मारायची आहे, कारण दर वेळी थोडक्यात हुकत होतं. पंधरा मिनिटं तेच केलं. पाच-सात प्रयत्नांपर्यंत मजा आली, मग राग आला. कंदिलाकडे माझं लक्षच गेलं नाही. कीबोर्डवर खेळले. असले गेम फारसे खेळत नाही."

यात सल्ला एकही नाही. जागा आहे, त्या वेळी मनात काय होतं ते आहे, काय केलं ते आहे, आणि मजेचा राग कधी झाला ते आहे. ‘थोडक्यात हुकत होतं’ हे तर भाच्याच्या मते सगळ्यात कामाचं वाक्य निघालं. थवा उडीच्या उंचीला इतका जवळ होता, की जो तो उडीच मारत बसणार. उपाय सुचवायचा असलाच तर शेवटी सुचवा, ‘माझा अंदाज’ म्हणून.

याहून सोपी युक्ती म्हणजे पडद्याचं रेकॉर्डिंग लावून मोठ्याने बोलत खेळायचं. "आता मी इकडे जाते, हे काय आहे, दार दिसतंय, उघडत नाही…" घरातले विचित्र नजरेने बघतात. बघू द्या.

‘पण मी गेम खेळणाऱ्यातली नाही, माझ्या मताला काय किंमत?’

पहिल्या पंधरा मिनिटांबाबत तुमचीच किंमत जास्त. सराईत खेळाडू कुठल्याही नव्या गेममध्ये शिरला की सवयीने सगळी बटणं दाबून बघतो, त्यामुळे ट्यूटोरियल फसलंय हे त्याला कळतच नाही. शेवटच्या लेव्हल पुरेशा कठीण आहेत का, हे मात्र त्यालाच विचारावं. तिथे माझं मत कचऱ्यात टाकलं तरी चालेल. म्हणून आपण किती पाण्यातले आहोत ते आधीच सांगून टाकावं. एकटी मी अडकले तर तो माझा वेंधळेपणा असू शकतो. पाचांपैकी तिघं त्याच पतंगांपाशी अडकले तर जागेतच काहीतरी आहे.

‘सगळं सोपं करत सुटलं तर उरलं काय?’

हा आक्षेप भाच्याच्या मित्राचा, आणि तो रास्त आहे. पण अवघड असणं आणि चुकण्याची किंमत जबर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टेरी कॅव्हनाघ यांच्या २०१० च्या गेमचं नाव आहे नुसता ‘व्ही’ सहा वेळा. त्यात उडीच नाही, गुरुत्वाकर्षण उलटं करायचं. माणूस शेकड्याने मरतो. पण मेला की क्षणात जवळच्याच जागी पुन्हा उभा, त्यामुळे मरण्याचं काही वाटत नाही. ब्रेडमध्ये तर चूक झाली की वेळच मागे घ्यायची, आणि नाही सुटलं एखादं कोडं तर पुढे चालू लागायचं, नंतर परत यायचं. कोडी तेवढीच कठीण राहतात, डोकं मात्र तापत नाही. "मरण्याचा कंटाळा आला नाही, परत तिथवर चालत यायचा आला" हे वाक्य जमेल तिथे वापरा. त्यावर करणारा काहीतरी करू शकतो, आणि त्यासाठी कोड्याला हात लावावा लागत नाही.

सेलेस्टने आणखी एक वाट काढली. मूळ गेम कठीणच ठेवला, पण ज्याला हवं त्याने वेग कमी करावा, दम संपणं बंद करावं, अगदी मरणंही बंद करावं, अशी सोय वेगळी दिली. ज्याला नको त्याने तिकडे बघू नये.

शिवाय पैशाची बाजू आहेच. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. दोघा पोरांचा गेम एकूण असतो चार-पाच तासांचा. गिऱ्हाईक पहिल्या अर्ध्या तासात एका पाटीपायी वैतागलं तर दहाव्या लेव्हलचं अप्रतिम कोडं त्याच्यासाठी कधी झालंच नाही.

‘तोंडावर कसं सांगायचं? वाईट वाटेल ना’

वाटतं. पण ‘मस्त झालाय’ ऐकून तो अडीच मिनिटं खूश झाला आणि मग त्याचं काम तिथेच अडलं. घडलेलं सांगितलं तर त्यात त्याच्या अकलेचा विषय येत नाही, माझ्या पंधरा मिनिटांचा येतो. आवडलेलंही तितकंच नेमकं सांगावं. "सावलीच्या जिन्यावर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मी एकटीच हसले" असं कळलं, की काय बदलायचं नाही हे त्याला समजतं.

गेम करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. माणूस शेजारी बसून खेळत असेल तर हाताची घडी घाला आणि गप्प बसा. भाचा संक्रांतीला आला तेव्हा माझ्या मागे उभा राहून "मावशी, कंदील… नाही, काही नाही" असं चार वेळा पुटपुटला. गेम विकत घेणाऱ्याच्या मागे तो उभा नसणार.

नव्या आवृत्तीत दुसऱ्याच लेव्हलला एक पतंग येतो, एकटाच, निरुपद्रवी. मुलगी अंधाऱ्या बोळातून जाते, वाऱ्याने ज्योत आपोआप बारीक होते आणि तो उडून जातो. पुढच्या वळणावर वारा नाही, आणि तेवढ्यापुरतं एक बटण पडद्यावर चमकतं. तिसरी पाटी काढून टाकली आहे. चौथी लेव्हल मला दोन मिनिटं लागली.

सध्या मी नवव्या लेव्हलला आहे. कंदील एकच, सावल्या दोन हव्या आहेत. आज चौथा दिवस. "सांगू का?" असा काल मेसेज आला होता. नको म्हटलं.